जुना आजार आणि फ्लूची लस: खुर्चीत बसण्याआधी करायची कामं

फ्लूची लस टोचायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला दुसरं काही दुखणं नाही त्याने बाही वर करावी, सुई घ्यावी आणि कामाला लागावं. पण ज्यांच्या उशाशी गोळ्यांचा डबा असतो, त्यांचं या अर्ध्या मिनिटात बरंच काही चुकू शकतं. चुकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. जे प्रश्न नेहमीच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारायचे, ते लोक लस देणाऱ्या सिस्टरला ऐनवेळी विचारतात. तिच्या हातात भरलेली सिरिंज असते, मागे रांग असते आणि तुमची फाइल तिने कधी पाहिलेली नसते. मग ती एकतर "चालतं हो" म्हणते, नाहीतर "डॉक्टरांना विचारून या" म्हणून परत पाठवते. परत गेलेला माणूस त्या मोसमात सहसा पुन्हा फिरकत नाही.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. यातली निम्म्याहून जास्त कामं लसीच्या दिवसाआधीच उरकायची आहेत.

## १. आपण कोणत्या गटात आहोत ते ठरवा

मधुमेह, हृदयविकार, दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार), मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, पक्षाघात किंवा मज्जासंस्थेचे आजार, सिकल सेल, एचआयव्ही, कर्करोग, अवयव प्रत्यारोपण, प्लीहा काढलेली असणं, अति लठ्ठपणा. यातलं काहीही असेल तर फ्लू तुम्हाला इतरांपेक्षा जास्त महागात पडू शकतो. "आधीच इतकं बिघडलेलं, त्यात आणखी लस कशाला" हे गणित उलटं आहे. फ्लू फुप्फुसांपाशी थांबत नाही. कॅनडातल्या ओंटारियोमधल्या एका अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण एरवीच्या सुमारे ६ पट आढळलं होतं.

लस घ्यायची हे ठरलं की स्वतःला तीन गटांत शोधा.

गट अ: आजार आहे, पण रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नाहीत. साधा मधुमेह, दमा, रक्तदाब, थायरॉइड. यांना तारखेची फारशी कटकट नाही.

गट आ: वॉरफेरिन, अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं सुरू आहेत, प्लेटलेट कमी आहेत किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) आहे. यांच्या बाबतीत प्रश्न आहे तो सुई कशी टोचायची याचा.

गट इ: स्टेरॉइडच्या गोळ्या, मेथोट्रेक्सेट, रिटुक्सिमॅब, केमोथेरपी, प्रत्यारोपणानंतरची औषधं, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार. यांना लस कोणत्या दिवशी घ्यायची ते ठरवावं लागतं.

एकच माणूस दोन गटांत असू शकतो. माझे वडील मधुमेही होते आणि वॉरफेरिनवरही. आम्ही फक्त साखरेचा विचार करून गेलो आणि त्याची शिक्षा त्यांच्या दंडाला झाली. ते पुढे सांगतो.

## २. एक कागद तयार करा

पूर्ण फाइल नेऊ नका. ती कोणी वाचत नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, साधारण असं:

टाइप २ मधुमेह, १४ वर्षं. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ.
वॉरफेरिन सुरू. शेवटचा आयएनआर २.४, गेल्या मंगळवारी.
मेटोप्रोलोल सुरू.
अ‍ॅलर्जी: पेनिसिलीन (अंगावर पित्त).
मागची फ्लूची लस: गेल्या वर्षी, डावा दंड, एक दिवस कणकण.
डाव्या हातावर डायलिसिसचा फिस्टुला.

(आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या.) गोळ्यांची नावं आठवून लिहू नका, पाकिटावरून उतरवून घ्या. "ती छोटी पांढरी गोळी" या वर्णनात निदान पन्नास औषधं बसतात.

मेटोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर औषधं लोक हमखास लिहायचे विसरतात, कारण ती "फक्त बीपीची" वाटतात. लसीनंतर गंभीर अ‍ॅलर्जी येणं फारच दुर्मीळ, पण आलीच तर बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांवर तेव्हा टोचल्या जाणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. उपचार करणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

तपासा: कागदावर या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत का? फ्लूच्या लसीनंतर कधी श्वास लागणं, चेहरा सुजणं किंवा बेशुद्ध पडणं झालं होतं का? फ्लूच्या लसीनंतर ६ आठवड्यांच्या आत गियाँ-बारे सिंड्रोम (नसांना इजा होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला होता का? सध्या ताप आहे का? पहिल्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अंड्याची अ‍ॅलर्जी या यादीत नाही. पूर्वी असायची, त्यामुळे अजूनही लोक तेवढ्या कारणावरून लस टाळतात. अमेरिकेतल्या लसीकरण सल्लागार समितीने २०२३-२४ च्या मोसमापासून अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी वेगळी काळजी घेण्याची अटही काढून टाकली. तरी अ‍ॅलर्जी असेल तर कागदावर लिहा, लपवू नका.

## ३. डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा

हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तुमच्या भागात फ्लूची लाट साधारण कधी येते ते विचारा आणि तिच्या आधी निदान २ आठवडे हातात राहतील अशी तारीख धरा. लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो. फार आधी घेण्यातही अर्थ नाही, कारण महिने जातील तशी ती शक्ती ओसरत जाते. उशीर झाला असेल तर मात्र "आता काय उपयोग" म्हणू नका. लाट सुरू असेपर्यंत लस उपयोगी आहे.

मेथोट्रेक्सेट घेत असाल तर. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, संधिवात आटोक्यात असेल तर फ्लूची लस घेतल्यानंतर २ आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं. त्याने लस चांगली लागू पडते. इथे "नंतर" हा शब्द नीट वाचा. लोक लसीच्या आधीचे दोन डोस गाळतात आणि लस घेतल्या दिवसापासून पुन्हा सुरू करतात, म्हणजे नेमकं उलटं. आणि सांधे सुजलेले असतील, आजार उसळलेला असेल, तर डॉक्टर कदाचित थांबवायला सांगणारच नाहीत. तसं असलं तरी लस घ्यायचीच.

रिटुक्सिमॅब सुरू असेल तर. "इंजेक्शननंतर सहा महिने कुठलीही लस नको" हे अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. फ्लूच्या लसीसाठी इतकं थांबायचं नसतं, कारण तेवढ्यात मोसम निघून जातो. लस वेळेवर घ्यावी आणि आजार परवानगी देत असेल तर रिटुक्सिमॅबचा पुढचा डोस लसीनंतर निदान २ आठवड्यांनी घ्यावा. दोन्ही तारखा एकाच वेळी ठरवून घ्या.

केमोथेरपी. सुरू व्हायची असेल तर लस निदान २ आठवडे आधी घेतलेली चांगली. सुरू झालेली असेल तर दोन सायकलच्या मधला कोणता दिवस योग्य ते ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. "केमो संपल्यावर बघू" असं स्वतःच ठरवू नका.

प्रत्यारोपण. मूत्रपिंड किंवा यकृतासारख्या अवयवाच्या प्रत्यारोपणानंतर निष्क्रिय विषाणूची लस अगदी एका महिन्यानंतरही देता येते. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणानंतर सहसा सहा महिने थांबतात. नेमकी तारीख तुमच्या प्रत्यारोपणाच्या टीमकडूनच घ्या.

वॉरफेरिन. आयएनआर वेळेवर तपासलेला असावा आणि तुमच्या ठरलेल्या मर्यादेच्या वर नसावा. गोळी बंद करायची गरज नसते. हिमोफिलिया असेल तर रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचा डोस घेतल्यानंतर लगेचची वेळ ठरवा.

डायलिसिस. डायलिसिसच्या वेळी हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं जातं, म्हणून लस त्या दिवशी केव्हा टोचायची हे युनिटमध्येच ठरवून घ्या.

> सावध राहा: स्टेरॉइडची गोळी लसीसाठी स्वतःहून कधीच बंद करू नका. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं जवळजवळ विसरलेलं असतं. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. फ्लूची लस स्टेरॉइड सुरू असतानाही घेता येते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी कुणाचं तरी ऐकून चार दिवस गोळी सोडली. लस राहिली बाजूला आणि सलाईन लावून घ्यायची वेळ आली.

## ४. कोणती लस, हे नाव घेऊन विचारा

"फ्लूची लस आहे का?" एवढंच विचारलं तर चुकीचं उत्तर मिळू शकतं.

पहिला गोंधळ नावाचा. हिब नावाची एक लस आहे, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूविरुद्धची. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी तिचा फ्लूच्या विषाणूशी काही संबंध नाही. ती मुख्यतः लहान मुलांना देतात. खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा.

दुसरा गोंधळ प्रकाराचा. इंजेक्शनने देतात त्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होणं शक्यच नाही. नाकात फवारायच्या लसीत मात्र जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो आणि ती २ ते ४९ वयोगटासाठीच आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अ‍ॅस्पिरिन सुरू असलेल्या मुलांनी ती घ्यायची नाही. सुईची भीती वाटणाऱ्यांना हा फवारा फार आकर्षक वाटतो. गट इ मधल्यांनी त्याकडे वळूनही बघू नये.

तिसरा गोंधळ मोसमाचा. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर मोसम छापलेला असतो. मागच्या मोसमाची उरलेली लस कोणी देत असेल तर घेऊ नका. "चार विषाणूंची मिळत नाही, तीनचीच आहे" म्हणून हिरमुसून परत फिरायचंही कारण नाही. बी गटातला यामागाता हा विषाणू मार्च २०२० नंतर निसर्गात खात्रीने सापडलेलाच नाही, म्हणून तो लसीतून वगळला जातो आहे.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी जास्त ताकदीची लस असते. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन (शरीराला विषाणूची ओळख करून देणारा त्याचा अंश) असतं, तर हिच्यात ६०. प्रत्यारोपण झालेल्यांनीही तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. ती मिळाली तर उत्तम. पण तिची वाट बघत मोसम घालवू नका.

लस स्वतः आणायची असेल तर: २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात आणा, घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठून वितळलेली लस दिसायला तशीच दिसते, पण वाया गेलेली असते. आणताना बर्फाची पिशवी थेट खोक्याला टेकू देऊ नका, मध्ये फडकं घाला.

## ५. त्या दिवशी सकाळी

नेहमीच्या गोळ्या घ्या. डॉक्टरांनी नाव घेऊन थांबवलेली असेल तीच सोडा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी जाऊ नये. रांगेत वेळ जातो, साखर उतरते, चक्कर येते आणि बिल मात्र लसीच्या नावाने फाटतं. दमा असेल तर इनहेलर खिशात हवा.

"दुखू नये म्हणून आधीच एक पॅरासिटामॉल" ही सवय सोडा. गोळी लागली तर नंतर घ्यायची.

नुसती सर्दी आहे, ताप नाही? जा. ताप आहे, अंग मोडून आलंय, किंवा दम्याचा अ‍ॅटॅक सुरू आहे? थांबा आणि बरं वाटलं की लगेच जा. नुसती अँटिबायोटिक सुरू असणं हे लस टाळायचं कारण नाही.

कपडे हा विषय कोणी गंभीरपणे घेत नाही, पण त्याने फरक पडतो. दंड खांद्यापर्यंत पूर्ण उघडा व्हायला हवा. घट्ट बाहीच्या कपड्यात लोक गळ्याकडून कापड खाली ओढून खांद्याचं टोक तेवढं उघडं करतात. मग सुई फार वर, सांध्याजवळ जाते आणि खांदा काही महिने आखडून राहू शकतो. हात सरळ बाहीतून बाहेर काढा.

## ६. खुर्चीत

कागद आधी द्या, हात नंतर. मग एवढ्या गोष्टी बघा.

१. कोणता हात. फिस्टुला असलेला हात नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात नाही. पक्षाघात झालेला हातही टाळलेला बरा, कारण तिथे दुखलं-सुजलं तर लवकर कळत नाही.

२. जागा. खांद्याच्या हाडाचं टोक हाताला लागतं, त्याच्या दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत. तुम्ही बसलेले असा, टोचणाराही बसलेला असेल तर आणखी चांगलं.

३. गट आ साठी सुई. २३ गेज किंवा त्याहून बारीक. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे २५ ही २३ पेक्षा बारीक. त्यानंतर निदान २ मिनिटं घट्ट दाब. घड्याळ लावून २ मिनिटं, अंदाजाने नाही.

> सावध राहा: चोळायचं नाही. वडिलांच्या वेळी सिस्टरनी सवयीप्रमाणे कापसाने गोल गोल चोळलं आणि "झालं काका" म्हणून पाठवलं. आम्ही काही बोललो नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत जांभळं उतरलं होतं, जांभळाच्या कडेने पिवळं. ते जायला तीन आठवडे लागले आणि पुढच्या वर्षी त्यांना लसीला न्यायला त्याहून जास्त वेळ लागला. दाबा, चोळू नका. हे वाक्य कागदावरच लिहून ठेवा.

न्यूमोनियाची लसही राहिली असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते, डॉक्टरांना विचारून.

## ७. पहिली १५ मिनिटं आणि पुढचे दोन दिवस

१५ मिनिटं तिथेच बसा. बसा म्हणजे खरंच बसा, बाहेर जाऊन फोनवर उभे राहू नका. सुईनंतर चक्कर येऊन पडणं ही अ‍ॅलर्जीपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडणारी गोष्ट आहे. श्वास लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर पित्त उठणं असं काही झालं तर लगेच हाक मारा. घरी पोचल्यावर झालं तर थेट तातडीच्या उपचारांसाठी जा.

दंड दुखणं, थोडी लाली, कणकण, अंगदुखी हे एक-दोन दिवस चालतं. त्यात आजारानुसार थोडी भर घाला:

- मधुमेह: दोन दिवस साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. थोडी वर गेली तरी इन्सुलिन मनाने वाढवू नका.
- मूत्रपिंडाचा आजार: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल चालतं.
- वॉरफेरिन: पॅरासिटामॉल एक-दोन वेळा ठीक, पण रोज भरपूर डोस असे बरेच दिवस घेतले तर आयएनआर वाढू शकतो. टोचलेली जागा टणक होऊन फुगत चालली तर दाखवा.

तपासा: ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, किंवा खोकला आणि घसा सुरू झाला, तर ते लसीच्या खात्यावर टाकून घरी बसू नका. बहुतेक वेळा तो दुसराच संसर्ग असतो, आणि तुमच्यासारख्यांनी तो वेळेत दाखवायला हवा.

## ८. लसीनंतरची तजवीज

लस घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो. गट इ मध्ये ही शक्यता जास्त, कारण ज्या औषधांनी आजार दाबलाय तीच औषधं लसीचा प्रतिसादही दाबतात. म्हणून आत्ताच, बरं असताना, डॉक्टरांना एक प्रश्न विचारून ठेवा: "मला फ्लूसारखं वाटलं तर पहिला फोन कुणाला करायचा?" ओसेल्टामिविरसारखं विषाणूविरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वात उपयोगी पडतं. मूत्रपिंड कमकुवत असेल तर त्याचा डोस बदलावा लागतो, म्हणून घरात कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या घेऊ नका. स्टेरॉइडवर असणाऱ्यांना फ्लूमध्येही ताप फारसा चढत नाही, तेव्हा थर्मामीटरचा आकडा साधा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

घरातल्या बाकीच्यांनाही लस घ्यायला लावा. तुमच्या शरीराने लसीला अर्धाच प्रतिसाद दिला तर उरलेलं कुंपण त्यांचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. सहा महिने ते आठ वर्षं वयाचं मूल पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर त्याला निदान ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसरा डोस हमखास विसरला जातो, म्हणून पहिल्याच दिवशी त्याची तारीख लिहून घ्या.

आणि तो कागद फेकू नका. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, हात आणि नंतर काय झालं ते लिहून फाइलच्या पहिल्याच पानाला लावा. पुढच्या मोसमात बदललेल्या गोळ्या तेवढ्या खोडून नव्या लिहायच्या आणि डॉक्टरांना फोन लावायचा.